मदत हवी आहे: रोजाचे पैसे वेळेवर देतो, तरी माणसांचं कामात मन नाही

नमस्कार मंडळी,

कराडजवळ घरं बांधून द्यायचा छोटा व्यवसाय आहे. बिल्डर म्हणावं एवढा मोठा नाही. लोकांच्या स्वतःच्या प्लॉटवर बंगला, जुन्या घरावर वरचा मजला, असली कामं. एका वेळी दोन, फार तर तीन साइट. सेंट्रिंग, सळई, फरशी उक्ती (ठरलेल्या रकमेवर) दिलेली असते, त्यांचं ते बघतात. प्रश्न हजेरीवरच्या बारा-चौदा जणांचा आहे: गवंडी, बिगारी, मुकादम आणि डिप्लोमा झालेला एक सुपरवायझर.

पैशाची कुरकुर नाही. आठवड्याचा पगार चुकत नाही, अडीनडीला उचल मिळते, दिवाळीला बोनस असतो. माणसं टिकतातही. पण काम उरकल्यासारखं होतं.

परवाचंच सांगतो. एका बंगल्याचा स्लॅब झाला. दुसऱ्या दिवशी आळी (पाणी अडवायला छोटे बांध) बांधून पाणी भरायचं, हे सगळ्यांना पाठ आहे. अकराला पोचलो तर निम्म्या स्लॅबला आळी, उरलेला पांढरा पडत चाललेला आणि पाइप खाली गुंडाळून ठेवलेला. गवंडी म्हणाला पाणी मारणं बिगाऱ्याचं काम, बिगारी म्हणाला मला कुणी सांगितलं नाही, मुकादम दुसऱ्या साइटवर. यात कुणीच खोटं बोलत नव्हतं, हीच तर पंचाईत! आम्ही पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट वापरतो, त्याला किमान १० दिवस पाणी हवंच. पण दहा दिवस माझं तिथं उभं राहणं शक्य नाही.

मेहुणा व्यवसायात भागीदार आहे. तो म्हणतो वीटकाम, गिलावा सगळं अंगावर द्या, फुटावर मोजा, आपोआप हात चालतील. हात चालतील हो, पण मग विटा भिजवायला कोण थांबणार आणि भिंत सरळ आहे का बघायला ओळंबा कितीदा लावणार?

दुसरं दुखणं सगळ्यात जुन्या गवंड्याचं. त्याचं वीटकाम बघत राहावं असं. त्याचा रोज वाढवला की उद्या सकाळी बाकीचे दारात उभे. नाही वाढवला, तर तोही आता बाकीच्यांसारखंच काम करू लागलाय. तुमच्याकडे काय करता?

जुना_ठेकेदार
अंगावर देऊ नका. निदान गिलावा तरी नकोच, पुढं भिंती पोकळ वाजल्या की घरमालक तुम्हालाच धरणार.
पाण्याचं सोपं आहे. कॉलमवर काँक्रीट भरल्याची तारीख आपण लिहितोच, त्याखाली पाणी मारणाऱ्याचं नाव लिहा. एकाच माणसाचं. आणि रविवारी पाणी मारायला येणाऱ्याला अर्धा रोज द्या. सुट्टीच्या दिवशी फुकट यायला लावलं की सोमवारपासूनही तो पाणी शिंपडून पळतो.

थापी_आणि_रंधा
माझे वडील गवंडी होते, म्हणून जरा त्या बाजूनं बोलतो. दादा, तुमच्या गवंड्याला नकाशा कोण दाखवतं? बहुतेक साइटवर तो सुपरवायझरच्या मोबाइलमध्ये असतो आणि गवंड्याला "इथून तिथं भिंत घे" एवढंच कळतं. मग घरमालकीणबाईंना ओटा दुसऱ्या बाजूला हवा असतो, दोन दिवसांची भिंत एका सकाळी फोडतात, आणि ज्यानं बांधली त्याला कारणही सांगत नाहीत. रोज मिळतो, पण पुढची भिंत तो कशाला जीव लावून बांधेल? घरात यावर वडील बोलायचे, पैशावर कमी.
लाइनआउटला, म्हणजे भिंतींची आखणी करताना, त्याला इंजिनिअरच्या शेजारी उभं करा. बदल झाला तर आधी त्याला सांगा.

सातारची_सुनंदा
बायकांना विसरू नका. पाणी भरणं, विटा-रेती वाहणं त्याच करतात, आणि साइटवर आडोशाला संडास नसेल तर दिवसभर पाणी न पिता काम करतात. पत्र्याचा एक बांधून बघा.
शिवाय बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी. वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ठेकेदार म्हणून तो तुम्ही देऊ शकता. भांड्यांच्या संचासाठी सगळे पळतात, पण पोरांच्या शिष्यवृत्तीचं कुणी सांगत नाही. एजंटला पैसे मोजण्यापेक्षा सुपरवायझरला एक दुपार अर्ज भरायला बसवा.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. सुनंदाताई, संडासाचं या आठवड्यात करतो, दाखलेही देतो. नकाशा आमच्याकडेही मोबाइलमध्येच आहे, मोठी प्रिंट काढून साइटच्या खोलीत लावायला सांगितलीय. आता रोजातल्या फरकाचं बोला. हजेरीची वही सगळेच चाळतात.

जुना_ठेकेदार
रोज तोच ठेवा. लाइनआउट, ओळंबा-गुण्या (सरळपणा, काटकोन) तपासणं आणि नव्या पोराला शिकवणं त्याच्याकडे सोपवा आणि त्याचे महिन्याला वेगळे पैसे द्या, सगळ्यांसमोर सांगून. कुणी दारात आलाच, तर म्हणावं तूही घे ती जबाबदारी, पण वाकडी निघालेली भिंत मग तुझ्या नावावर. आमच्याकडं दोघं आले होते. एक परत गेला, दुसरा आता माझ्या दुसऱ्या साइटचा मेस्त्री आहे.