माझ्या कथेतलं प्रेत पाहून लोक हसतात

तिरकस :
मंडळी, बारा वर्षं विनोदी लेख लिहितोय. नवरा-बायको, शेजारी, ऑफिस असले माफक विषय. हात बसलाय. म्हणजे इतका, की विनोद आधी सुचतो आणि तो कुठे घालायचा ते मग शोधतो. गेल्या वर्षी या सगळ्याचा कंटाळा आला आणि रहस्यकथा लिहायला घेतली. नऊ हजार शब्द, एक खून, चार संशयित. तीन मित्रांना वाचायला दिली.

पहिल्याचा फोन : "पहिल्या पानावरच फुटलो रे!"

पहिल्या पानावर प्रेत आहे.

तो भाग असा : ‘अण्णा खुर्चीत बसले होते. पेपर मांडीवर, चष्मा नाकावर आणि चेहऱ्यावर अग्रलेख न पटल्याचा भाव. मेलेल्या माणसाच्या मानाने तब्येत उत्तम दिसत होती.’

शपथेवर सांगतो, हे लिहिताना मी गंभीर होतो.

दुसरा म्हणाला, "खुनी कळला, पण शेवटी पंच कुठाय?" तिसऱ्याचं अजून काहीच नाही, आणि एरवी तोच सगळ्यात आधी बोलतो.

तर दोन गोष्टी विचारायच्यात. बसलेला हात उठवायचा कसा? आणि कथा टोपणनावाने पाठवू का? माझं नाव दिसलं की लोक वाचायच्या आधीच ओठ सैल करून बसतात.

जुनी वही :
टोपणनावाची सोय आपल्याकडे जुनीच आहे. राम गणेश गडकऱ्यांनी नाटकं स्वतःच्या नावाने लिहिली, कविता ‘गोविंदाग्रज’ म्हणून आणि विनोद ‘बाळकराम’ म्हणून. एकाच माणसाच्या दारावर तीन पाट्या! खानोलकर कवितेपुरते आरती प्रभू. शिरवाडकरांचंही तेच, कविता म्हटलं की कुसुमाग्रज.

पण यात दोन प्रकार आहेत, ते वेगळे ठेवा. गडकऱ्यांच्या पाट्या म्हणजे वाचकाला आधीच दिलेली सूचना, की आज कुठला माणूस भेटणार आहे. जयंत नारळीकरांचं तसं नव्हतं. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी विज्ञानकथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. ज. वि. ना. ही आद्याक्षरं उलटी केली की ना. वि. ज. होतं, त्यातून केलेलं नाव. अक्षर ओळखू येईल म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली. बक्षीस मिळालं ते कथेला, नावाला नाही. अगाथा ख्रिस्तीने तर तुमच्या उलट प्रवास केला. खुनाच्या गोष्टींतून बाहेर पडून मेरी वेस्टमकॉट या नावाने सहा कादंबऱ्या लिहिल्या. त्यातली पहिली १९३० ची, आणि ही बाई म्हणजे तीच हे उघड व्हायला जवळपास वीस वर्षं गेली.

तुम्हाला पाटी हवी आहे की बुरखा, ते आधी ठरवा.

अर्धविराम :
जुनी वही, माहिती छान, पण यांचा रोग नावात नाही. त्या मित्रांना कथा निनावी दिली असती तरी ते हसलेच असते.

तिरकस, तुमचं दुसरं वाक्य बघा. पेपर, चष्मा, भाव. दोन सरळ आणि तिसरं वाकडं. ही विनोदाची चाल आहे, वाचकाचा कान तिसऱ्यावर टपून बसतो. रहस्यकथेत नेमकी तीच खोड कामाला लावता येते, फक्त माल मधे ठेवायचा. माझ्या एका कथेत दाराशी ‘चपला, ओली छत्री आणि उलटं पायपुसणं’ होतं. त्या दिवशी पाऊस पडलेला नाही हे मी चार पानं आधी सांगून ठेवलं होतं. झाडून सगळे पायपुसण्यामागे लागले. छत्री कोणाला दिसलीच नाही.

म्हणून हात उठवू नका. लोकांचं लक्ष भलतीकडे न्यायचं काम बारा वर्षं करताय की.

आणि ते तब्येतीचं वाक्य. ते कोण बोलतंय? तुम्ही. प्रेत आणि वाचक यांच्या मधे उभे राहून. ते कापू नका, कुठल्या तरी पात्राच्या तोंडी द्या. प्रेतापाशी उभा राहून असं बोलणारा माणूस हा विनोद राहत नाही, तो संशयित होतो.

मधली सुट्टी :
माझं उलटं झालं होतं. कविता लिहिता लिहिता श्रुतिका लिहिली. वाचनाला बसलो तर एक नट म्हणाला, "बाई, यात आजोबा, नातू आणि पोस्टमन तिघंही अंधाराला ‘ओलसर’ म्हणतात." नातू सात वर्षांचा होता हो! तेव्हापासून पात्रांची नावं हाताने झाकून संवाद वाचते. कोण बोलतंय ते कळलं नाही तर पान फाडते.

तिसऱ्या मित्राचं काय झालं?

तिरकस :
अर्धविराम, रात्रभर जागलो तुमच्यामुळे. आता असं आहे :

‘अण्णा खुर्चीत बसले होते. पेपर मांडीवर, चष्मा खिशात, एक चप्पल पायात आणि दुसरी खुर्चीखाली. जावई दारातच थांबला. म्हणाला, "मेलेल्या माणसाच्या मानाने तब्येत बरी दिसतेय." कोणी हसलं नाही.’

पुढच्या पानावर सून सहज बोलून जाते, की अण्णांना चष्म्याशिवाय घड्याळसुद्धा दिसायचं नाही. बस, एवढंच.

हे सकाळी तिसऱ्या मित्राला पाठवलं. तो म्हणतो, चप्पल का निघाली ते त्याला कळलंय. म्हणजे चष्म्यावरून तो अलगद घसरला. एरवी लेखाखाली हशा मिळतो तेव्हा वाटतं ना, त्याच्या दुप्पट बरं वाटलं.

जुनी वही, पाटी की बुरखा ते नंतर बघतो. सध्या भानगड अशी झालीय की माझ्या चार संशयितांत जावई नव्हताच. तो फक्त चहा आणून द्यायला ठेवला होता. आता पान सहापासून सगळं उसवायला बसलोय.