हादरा बसला तेव्हा तुम्ही घराबाहेर होता का? (अनुभव धागा)

घरात असताना टेबलाखाली शिरायचं, हे आता मुलांनाही ठाऊक आहे. पण रस्त्यावर, घाटात, गल्लीत असताना भूकंप झाला तर? ज्यांनी अनुभवलंय त्यांनी कृपया लिहा. कुठे होता, काय केलंत, आजूबाजूला काय पडलं?

गांधीधाम, २००१
वडिलांची बदली कच्छात झाली होती. २६ जानेवारी, सकाळी पावणेनऊ, आम्ही सगळी मुलं ध्वजवंदनाला मैदानात. जमीन अशी सरकायला लागली की उभं राहता येईना. सर ओरडले, "खाली बसा! भिंतीकडे कुणी पळू नका!" कंपाउंडची भिंत डोळ्यांदेखत आडवी झाली. आम्ही सगळे वाचलो.

त्याच वेळी अंजारमध्ये शाळेच्या मुलांची प्रभातफेरी अरुंद गल्लीतून चालली होती. दोन्ही बाजूंची घरं त्यांच्यावर कोसळली. तीही मुलं बाहेरच होती हो. म्हणून 'बाहेर पडलो म्हणजे सुटलो' असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही. भिंतीच्या उंचीपेक्षा जास्त लांब जा आणि तिथेच बसा.

वसमत
१० जुलै २०२४, सकाळी सव्वासात, ४.५ तीव्रतेचा. गडगडाट झाला, सगळी गल्ली बाहेर आली आणि उभी राहिली पत्र्यांच्या कडेखाली! वाऱ्याने उडू नयेत म्हणून आमच्याकडे पत्र्यांवर दगड ठेवतात. मी सासूबाईंचा हात धरून त्यांना शाळेच्या पटांगणात नेलं. मार्चमधल्या धक्क्यानंतर प्रशासनाने ते दगड काढायला सांगितलं होतं. कृपा करून काढा, पत्रे नट-बोल्टने आवळून घ्या.

नांदेड
दगडांचं अगदी खरं. विजेच्या तारा आणि डीपीपासूनही लांब राहा.

चिपळूण
१९६७ चा कोयनेचा भूकंप आजीकडून ऐकत मोठे झालो, बारीक धक्के तर नेहमीचेच. एकदा कुंभार्ली घाटात जीपचं स्टेअरिंग ओढायला लागलं, वाटलं टायर बसला. वरून खडी गडगडत आली तेव्हा कळलं. काकांनी दरडीखाली गाडी थांबवली नाही. सावकाश पुढच्या मोकळ्या जागेत नेली, हँडब्रेक लावला आणि कुणाला उतरू दिलं नाही.

तोक्यो
११ मार्च २०११, दुपारी २:४६, शिंजुकूच्या फुटपाथवर. उंच इमारती डोलताना स्पष्ट दिसत होत्या. सोबतच्या जपानी बाईंनी बॅग डोक्यावर धरायला लावली आणि काचांपासून दूर, बागेत नेलं. थंडी होती, तरी कोट आणायला त्यांनी कुणाला आत जाऊ दिलं नाही. सव्वातीनला पुन्हा जोराचा बसला.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. समुद्रकिनारी असताना हादरा जाणवलेलं कुणी आहे का? लाटेच्या भीतीने लगेच उंचावर गेलात का, तेही लिहा.