मदत हवी आहे : स्लो कुकर, येणारी-जाणारी लाईन आणि मामाजींचं दुपारचं जेवण

नमस्कार मंडळी,

स्लो कुकर (मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं) नेहमी वापरणाऱ्यांकडून मदत हवी आहे. त्यातही खेड्यात राहून वापरणारं कोणी असेल तर फारच बरं, कारण माझी अर्धी अडचण स्वयंपाकाची आणि अर्धी लाईनची, म्हणजे विजेची आहे.

आम्ही वर्धा जिल्ह्यात, आर्वीकडच्या एका गावात राहतो. नणंदबाई इंग्लंडहून आल्या होत्या, त्या जाताना त्यांचा साडेतीन लिटरचा स्लो कुकर इथेच ठेवून गेल्या. आत चिनी मातीचं जड भांडं, वर काचेचं झाकण आणि समोर फिरवायचं एकच बटण. बंद, लो, हाय, वॉर्म एवढंच. बुडाच्या चिठ्ठीवर २३० व्होल्ट, २०० वॅट लिहिलंय. तिकडची चपट्या पिनांची पिन इथे बसत नव्हती, ती वायरमनकडून बदलून घेतली.

दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीन निघतं, ते घरात येत नाही तोच कपाशीची वेचणी लागते. सकाळी आठला आम्ही दोघं घर सोडतो ते दिवेलागणीलाच परत. आत्याबाई (सासूबाई) आता नाहीत. मामाजी, म्हणजे माझे सासरे, दिवसभर एकटे. ऐंशी ओलांडली आहे, दात राहिले नाहीत, कवळी त्यांना सोसत नाही. हात थरथरतो म्हणून गॅस पेटवू देत नाही. सकाळी करून ठेवलेला वरणभात दुपारपर्यंत गार होतो आणि मग दोन घास खाऊन ताट सरकवून देतात. तक्रार करत नाहीत, पण संध्याकाळी गंजात (पातेल्यात) तेवढंच अन्न दिसलं की माझाच जीव कासावीस होतो. दुपारी नुसतं झाकण उघडावं आणि वाटीत गरम, मऊ काहीतरी वाढून घेता यावं, एवढीच इच्छा आहे.

सोबतच्या पुस्तिकेत तिकडच्या पानगळीच्या दिवसांतले पदार्थ आहेत : कोहळ्याचं (लाल भोपळ्याचं) सूप, सफरचंद-दालचिनीचं गोड, राजम्याचं चिली. कोहळ्याचं सूप रविवारी घरी असताना लावून पाहिलं. कोहळं सध्या घरचंच आहे. पाणी जवळजवळ घातलं नाही, तरी फोडी लोण्यासारख्या झाल्या. मामाजींनी वर लसूण आणि तिखटाची फोडणी मागून घेतली आणि पुन्हा वाढायला लावलं. तेव्हापासून वाटतंय की हे भांडं आपल्या घरात चालू शकतं.

पण तुरीची डाळ काही केल्या एकजीव होत नाही. लोवर दिवसभर ठेवली तरी दाणा दाताखाली लागतो, आणि इथे तर दातच नाहीत. पाणी बोअरचं आहे, त्याचा काही संबंध असेल का? कोजागिरीला दूध आटवायला हे भांडं चालेल का, आणि एरवी तांदळाची खीर करायची तर दूध फाटणार नाही ना? मटण आमच्याकडे तर्रीशिवाय कोणी खात नाही, ती यात येते का?

सगळ्यात मोठी काळजी लाईनची. सकाळी भांडं लावून शेतात गेले, मधे दोन-तीन तास लाईन गेली आणि पुन्हा आली, तर मला संध्याकाळपर्यंत कळणारसुद्धा नाही. तोवर मामाजींनी ते खाल्लेलं असेल. म्हाताऱ्या माणसाच्या पोटाशी खेळ नको. शिवाय त्यांना एकटं ठेवून हे चालू ठेवणं बरोबर आहे का, तेही सांगा.

प्रतिसाद : वऱ्हाडी स्वयंपाकघर

ताई, डाळीचं आधी सांगते. संबंध पाण्याचाच आहे. जड पाण्यातले क्षार डाळीच्या सालीला आणि गराला घट्ट धरून ठेवतात, म्हणून कितीही वेळ ठेवा, ती फुटत नाही. आपल्या जुन्या बाया ‘या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही’ म्हणायच्या ते हेच. फिल्टरचं किंवा गोड्या विहिरीचं पाणी एका वेळेपुरतं आणून करून पाहा, लगेच फरक दिसेल. डाळ रात्रभर भिजवा. चिंच, टमाटर, ताक यातलं काहीही डाळ पूर्ण शिजल्याशिवाय घालू नका, आंबटानेही ती तशीच अडून बसते. मिठाने मात्र काही बिघडत नाही.

खरं सांगायचं तर तुरीच्या वरणासाठी शिट्टीचा कुकरच बरा. तिथे आत १२० अंशांच्या आसपास उष्णता असते, स्लो कुकर शंभराच्या खालीच राहतो. वरण शिट्टीत शिजवून घ्या आणि गरम ठेवायला यात ओता.

पुस्तिकेतला राजमा करणार असाल तर एक गोष्ट अजिबात विसरू नका. कच्च्या राजम्यात, विशेषतः लाल राजम्यात, एक विषारी घटक असतो. स्लो कुकरच्या मंद आचेवर तो पुरता जात नाही. रात्रभर भिजवून ते पाणी फेकायचं, नव्या पाण्यात गॅसवर दहा मिनिटं खळखळून उकळायचं आणि मगच यात घालायचा. नाहीतर उलट्या-जुलाब ठरलेले.

तुमच्या मामाजींसाठी माझं मत ज्वारीच्या कण्यांना. कण्या रात्री भिजवा, कण्यांच्या सहापट पाणी आणि मीठ घालून लोवर ठेवा. चुलीवर कण्या बुडाला लागतात, सारखं ढवळावं लागतं. इथे हात लावायची गरज नाही. खाताना ताक आणि वरून लसणाची फोडणी.

प्रतिसाद : तारा आणि वारा

मी घरांच्या वायरिंगची कामं करतो, म्हणून लाईनपुरतं लिहितो.

लाईन जाण्याइतकंच कमी व्होल्टेजकडे बघा. हीटरला २३० ऐवजी १७० व्होल्ट मिळाले तर ताकद त्याच प्रमाणात कमी होत नाही, वर्गाच्या प्रमाणात उतरते. म्हणजे तुमचा २०० वॅटचा कुकर ११० च्या आसपास येतो. दिवा दिसतो, भांडं कोमट लागतं, आणि आतलं अन्न मात्र तासन्‌तास धड तापतच नाही. गहू-हरभऱ्याच्या ओलितासाठी मोटारी सुरू झाल्या आणि गावठाणाची लाईन वेगळी नसली की हे हमखास होतं. तुमची डाळ कच्ची राहण्यात याचाही हात असू शकतो.

एकदा तपासून घ्या. भांडं अर्धं साध्या पाण्याने भरा, झाकण लावा, लोवर आठ तास ठेवा आणि उघडल्या उघडल्या थर्मामीटर घाला. ८५ अंश किंवा वर असेल तर कुकर आणि व्होल्टेज दोन्ही ठीक. खाली असेल तर छोटा स्टॅबिलायझर लावा, २०० वॅटला फ्रीजचा पुरतो. आठ तासांना वीज दीड युनिटच्या थोडी वर लागते, त्यामुळे बिलाची चिंता नको. इन्व्हर्टरवर चालेल, पण रात्रीच्या पंख्याची बॅटरी खाऊन टाकेल.

बटण फिरवायचा कुकर आहे, लाईन आली की आपोआप सुरू होतो. बरेचसे नवे डिजिटल कुकर लाईन परत आल्यावरही बंदच राहतात. तुमच्या बाबतीत धोका उलटा आहे : परत आल्यावर सगळं ठीकच दिसेल.

बाहेरचा पत्रा लोखंडी असतो, म्हणून अर्थिंग तपासल्याशिवाय घरात एकट्या माणसाजवळ चालू ठेवू नका. बोर्डावर आरसीसीबी (करंट गळाला की लगेच लाईन तोडणारा स्विच) नसेल तर ३० मिलिअँपिअरचा बसवून घ्या. एक्स्टेंशनच्या पट्टीवर नको, थेट भिंतीतल्या प्लगला लावा. पत्रा चटका बसेल एवढा तापतो, हेही मामाजींना सांगून ठेवा.

प्रतिसाद : गावची नर्स

लाईन गेली तर काय, याचं उत्तर एका आकड्यात आहे : ६० अंश. शिजलेलं अन्न त्याच्या वर राहिलं तर जंतू वाढत नाहीत. त्याखाली दोन तासांहून जास्त राहिलं तर ते म्हाताऱ्या माणसाला देऊ नये. ‘पुन्हा उकळलं की झालं’ असं नसतं, ताई. भातातले काही जंतू असं विष तयार करतात की ते उकळूनही जात नाही. घरी कोणी असताना लाईन गेली तर लगेच गॅसवर शिजवून पूर्ण करा. कोणी नसताना अर्धवट शिजलेलं असताना गेली आणि किती वेळ गेली ते माहीत नसेल, तर गुरांनाही न देता टाकून द्या.

म्हणून कच्चं अन्न लावून शेतात जाऊच नका. रात्री लावा. रात्री तुम्ही घरात असता, पंखा बंद पडला की जाग येतेच. सकाळी आठला अन्न पूर्ण शिजलेलं, कढत असतं. तेव्हा प्लग काढून टाका आणि आतलं भांडं झाकणासकट पेटीत ठेवा.

पेटी म्हणजे लाकडाची जुनी पेटी किंवा मोठी टोपली. तळाला आणि चारही बाजूंना वीतभर रुई दाबून भरायची, मधे भांड्यापुरती जागा, वरून जुनी गोधडी. कापसाच्या मुलखात रुईला काय तोटा! माझी आजी भाताचा गंज असाच गोधडीत गुंडाळून शेतावर न्यायची. भांडं तोंडापासून चार बोटं खाली एवढं भरलेलं हवं, अर्धं भांडं लवकर गार होतं. आणि चालू कुकरवर कधीही गोधडी घालायची नाही, ती पेट घेईल. सुट्टीच्या दिवशी दुपारी थर्मामीटरने एकदा पाहा. साठच्या वर निघालं तर निश्चिंत राहा.

प्रतिसाद : माहेर गोंदिया

दूध आणि मटण माझ्याकडे.

झाकण लावून दूध आटत नाही, कारण वाफ झाकणाला लागून परत आतच पडते. कोजागिरीचं दूध करायचं तर गॅसवर एक उकळी आणा, यात ओता, हायवर ठेवा आणि झाकण काढून ठेवा. वेळ भरपूर लागतो, पण बुडाला लागत नाही. अधूनमधून साय मोडत राहा. भुलाबाईच्या खिरापतीला मी असं केलंय, रंग सुरेख येतो.

तांदळाची खीर सोपी आहे. तांदूळ धुऊन, तुपावर परतून, गरम म्हशीच्या दुधात. गूळ घालायचा असेल तर खीर उतरवून जरा निवल्यावरच घाला, कढत दुधात गूळ पडला की फाटतं. सीताफळाचा गर तर पूर्ण गार झाल्यावर. संत्र्याचा रस दुधात नकोच.

तर्री यात आपोआप येत नाही, ती आधी करून ठेवायची. कांदा-खोबरं-खसखशीचं भाजलेलं वाटण, गरम मसाला आणि तिखट गॅसवर तेल सुटेपर्यंत परता. कंजूसपणा इथे चालत नाही. भिवापुरी मिरचीचं तिखट असेल तर रंगही छान चढतो. त्यात मटण दोन्हीकडून खमंग होऊ द्या, आणि मगच एका पेल्याहून जास्त पाणी न घालता कुकरमध्ये. लोवर आठ तास, मधे झाकण उघडायचं नाही, एकदा उघडलं की अर्ध्या तासाची उष्णता जाते. आलू घालणार असाल तर खाली, मटण वर, कारण इथे आलूच उशिरा शिजतात. सांभार (कोथिंबीर) शेवटी. मटण हाडावरून सुटून येतं, मामाजींना नुसता रस्सा आणि चुरलेली भाकर द्या.

आणि फ्रीजमधलं गार भांडं थेट तापलेल्या कुकरमध्ये ठेवू नका, चिनी माती तडकते.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. वायरमन दादांना बोलावून अर्थिंग तपासून घेतलं, ते सैल निघालं, आता नीट केलंय. पाण्याची परीक्षा घेतली, ८५ च्या खालीच राहिलं, म्हणून फ्रीजचा जुना स्टॅबिलायझर लावला. आता वर जातं.

रुईची पेटी मामाजींनी स्वतः भरली. आयुष्यभर कापूस पिकवलेला माणूस, कुठे किती दाबायचं ते मला सांगू देईनात. रात्री कण्या लावल्या, सकाळी आठला पेटीत ठेवल्या, आणि रविवारी साडेबाराला थर्मामीटर घातला तर ६८ अंश निघाले. आता साडेबाराच्या आत जेवायचं असं ठरवून दिलंय. उरलेलं ते तसंच ठेवतात, संध्याकाळी मी ते गुरांना घालते, पुन्हा तापवून देत नाही.

एकच विचारायचं राहिलं. पेटी उघडून वाढून घेताना त्यांना जड भांडं उचलावं लागू नये म्हणून मी लांब दांड्याचा डाव ठेवते, पण काचेचं झाकण वाफेने निसटतं आणि हात थरथरतो. यावर कोणाला काही सुचतंय का?

प्रतिसाद : गावची नर्स

झाकणाच्या मुठीला जाड सुती पंचाचं कडं बांधा, पकडायला मोठं होतं आणि घसरत नाही. नाहीतर सकाळी पेटीत ठेवतानाच त्यांच्यापुरत्या कण्या थेट रुंद तोंडाच्या स्टीलच्या थर्मासमध्ये भरा. थर्मास आधी कढत पाण्याने पाच मिनिटं तापवून घ्या, म्हणजे उष्णता टिकते. झाकण नीट बसेल एवढं लावा, सैल राहिलं तर उष्णता जाते; त्यांना ते उघडता येतं का, हे आधी पाहून घ्या.