आईला डिप्रेशनची दोन औषधं लागू पडली नाहीत, डॉक्टर ईसीटी (शॉक ट्रीटमेंट) सुचवतायत. कुणाला अनुभव आहे का?

नमस्कार. जरा लांबेल, पण कृपया वाचा.

आई ५८ वर्षांची, आम्ही सांगलीत असतो. गेल्या दिवाळीपासून ती मिटतच चाललीय. परवा मेथी निवडायला बसली. अर्ध्या तासाने पाहिलं तर जुडीचा दोरासुद्धा सोडला नव्हता, जुडी मांडीवर तशीच.

आधी एस्सिटालोप्रॅम, २० मिलिग्रॅमपर्यंत, दहा आठवडे. मग व्हेन्लाफॅक्सिन १५० वर तीन महिने. गोळ्या मीच हातात देते, एकही चुकलेली नाही. थायरॉइड, बी-१२ नॉर्मल. मध्ये अरिपिप्राझोल जोडून पाहिलं, तर तिला एका जागी बसवेना, नुसत्या येरझाऱ्या. ते बंद केलं.

डॉक्टर म्हणतात, दोन औषधं पुरेशा डोसमध्ये, पुरेसे दिवस देऊनही फरक नाही, तर आता वेगळा विचार करू. लिथियम जोडता येईल, पण ती बीपीसाठी टेल्मिसार्टन घेते आणि गुडघ्यांसाठी अधूनमधून पेनकिलर. या दोन्हींमुळे रक्तातलं लिथियम वाढू शकतं. म्हणजे सारखं रक्त तपासा, किडनीवर लक्ष ठेवा. आरटीएमएससाठी (डोक्याजवळ चुंबक धरून मेंदूला चालना देतात तो उपचार) पुण्यात मावशीकडे राहावं लागेल, आठवड्यातले पाच दिवस, चार ते सहा आठवडे. आणि आईचं वजन नऊ किलो उतरलंय, दोन घास कसेबसे जातात. म्हणून त्यांचा कल ईसीटीकडे आहे, फरक लवकर दिसतो म्हणून.

इथे घर अडलंय. मामा म्हणतो, "माझ्या बहिणीला शॉक देऊ देणार नाही." २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी द्यायला बंदी आहे, हे त्याला तीनदा सांगितलं. त्याच्या डोळ्यांसमोरून जुन्या सिनेमांतलं दृश्य हलत नाही. त्याचा राग येत नाही मला, तोही घाबरलाय.

ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी सांगा: विसरभोळेपणा किती आला, किती दिवस राहिला? कितव्या वेळेनंतर फरक जाणवला? नंतर गोळ्या चालूच ठेवाव्या लागल्या का? कुणी आधी आरटीएमएस करून पाहिलं का? मेडिक्लेम मिळाला का?

"जगून काय करायचंय" असं ती दोनदा म्हणाली. डॉक्टरांना लगेच कळवलंय. गोळ्या कुलपात असतात, टेलिमानस हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फ्रिजवर चिकटवलाय, आणि रात्री मी तिच्याजवळच झोपते.

सोमवारी डॉक्टरांना सांगायचंय. आईला विचारलं तर म्हणाली, "तुम्हाला त्रास होतोय ना माझा, करा काय ते." अशी संमती मला नकोय. तिला समजेल असं काहीतरी सांगायचंय, ते शक्यतो स्वतः ईसीटी घेतलेल्यांकडून ऐकायला मिळावं. इथे लिहायला अवघड वाटत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, प्लीज.