ब्रायन बोरू: 1000 साली हाती आलेलं डब्लिन 1013 च्या वेढ्यात का पडलं नाही?

शिलेदार:
आयर्लंडमधल्या मन्स्टरचा राजा ब्रायन बोरू याच्या मोहिमा तारखेनुसार लावतोय आणि एका जागी अडकलोय. 30 डिसेंबर 999 ला ग्लेनमामाची लढाई झाली आणि 1 जानेवारी 1000 ला डब्लिन त्याच्या हाती आलं. पुढे 1013 मध्ये त्याच डब्लिनपुढे तो 9 सप्टेंबरपासून नाताळापर्यंत तळ ठोकून बसला. तोवर आयर्लंडभर त्याचा दबदबा होता, तरी पदरात काही पडलं नाही. असं का? आणि 23 एप्रिल 1014 ला क्लाँटार्फची लढाई समुद्राच्या भरतीमुळे फिरली म्हणतात, त्यात तथ्य किती?

दफ्तरदार:
999 ला वेढा घालायची वेळच आली नाही, ग्यानबाची मेख इथेच आहे. शेजारच्या लेन्स्टर राज्याचे लोक आणि डब्लिनचे नॉर्स (म्हणजे तिथे वसलेले व्हायकिंग) मिळून ब्रायनला अडवायला शहराबाहेर पडले आणि ग्लेनमामाला कापले गेले. तट राखणारी माणसंच उरली नाहीत, मग तट असून काय उपयोग? ब्रायनने शहर लुटलं, जाळलं. डब्लिनचा राजा सिट्रिक उत्तरेकडे पळाला, तिथे कुणी थारा दिला नाही, तेव्हा परत येऊन शरण आला. ब्रायनने त्याला गादी परत दिली, वर आपली मुलगीही दिली.

1013 मध्ये सिट्रिक ती चूक करणार नव्हता. तो आतच बसून राहिला. ब्रायनची फौज म्हणजे मांडलिकांच्या तुकड्या. आसपासचा मुलूख लुटायचा, गुरं हाकून आणायची, त्यावर पोट भरायचं. असं सैन्य सुगीत निभावतं, थंडीत त्याची उपासमार होते. ब्रायनच्या घराण्याची बाराव्या शतकातली बखरसुद्धा शिधा संपल्यामुळे वेढा उठला असंच सांगते. शिवाय जमिनीकडून नाकेबंदी केली तरी बंदराचं तोंड मोकळं राहिलं असेल तर शहर उपाशी मरत नाही. माझ्या मते खरी चूक ही.

याच्या शेजारी 989 चा वेढा ठेवून बघा. मीथ या आयरिश राज्याचा राजा मेल शेखनिल याने डब्लिनचं पाणी तोडलं. आत प्यायला खारं पाणी तेवढं उरलं. 20 रात्रींत शहर नमलं आणि दर नाताळाला घराच्या प्रत्येक आवारामागे एक औंस सोनं द्यायचं कबूल करून बसलं. तहान भुकेच्या आधी गुडघे टेकायला लावते.

दर्यावर्दी:
भरतीचं उत्तर देतो. एकोणिसाव्या शतकात सॅम्युअल हॉटन या शास्त्रज्ञाने त्या दिवसाचं गणित मांडलं. पहिली भरती पहाटे साडेपाचच्या सुमारास, दुसरी संध्याकाळी सहाच्या थोडी आधी. बखरीत लढाई सूर्योदयाला सुरू होते आणि संध्याकाळच्या भरतीपर्यंत चालते. म्हणजे दोन्ही जुळतात.

आता नकाशा समोर घ्या. डब्लिन लिफी नदीच्या दक्षिण काठावर, क्लाँटार्फ उत्तरेला खाडीच्या किनाऱ्यावर. सकाळच्या भरतीला किनाऱ्याला लावलेली व्हायकिंगांची जहाजं दिवसभर ओहोटीत वाळूवर बसली. फळी फुटून त्यांचे लोक मागे पळाले तेव्हा पाणी पुन्हा चढलेलं होतं आणि जहाजं चालत जाऊन गाठता येण्याजोगी राहिली नव्हती. शहरात परतायचं तर लिफीवरचा पूल ओलांडायचा, आणि ती वाटही अडलेली. त्यामुळे बुडून मेलेले फार. ब्रायनचा नातूही पाठलाग करताना पाण्यात गेला. पण भरतीने लढाई जिंकून दिली असं म्हणू नका. फळी आधीच फुटली होती, भरतीने पळायची वाट बंद केली, म्हणून पराभवाचा संहार झाला.

शिलेदार:
धन्यवाद, दोन्ही मुद्दे पटले. मग ‘ब्रायनने व्हायकिंगना हाकललं’ हे वाक्य यादीत ठेवू का?

दफ्तरदार:
काढून टाका. क्लाँटार्फला लेन्स्टरचा राजा मेल मोर्दा, सिट्रिक आणि स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ओर्कनी बेटांचा सरदार सिगर्ड ब्रायनच्या विरोधात एका बाजूला होते. म्हणजे आयरिश दोन्हीकडे. मूळ ठिणगी लेन्स्टरच्या बंडाची. मेल मोर्दा आणि सिगर्ड पडले, ब्रायन आणि त्याचा मुलगाही पडले. तटाआड थांबलेला सिट्रिक मात्र 1036 पर्यंत डब्लिनवर राज्य करत राहिला. डेन्मार्कमधल्या रॉस्किल्डच्या खाडीत सापडलेलं 30 मीटर लांबीचं लढाऊ जहाज डब्लिन परिसरातल्या ओकचं आहे, बांधणी 1042 च्या सुमाराची. हाकललेले लोक असली जहाजं बांधत नाहीत.

ब्रायनने व्हायकिंग बंदरं मोडण्यापेक्षा वापरली. 967 ला भाऊ मॅहनबरोबर लिमरिकच्या नॉर्सना हरवलं, 977 ला त्यांच्या आयव्हरला शॅनन नदीच्या मुखावरच्या स्कॅटरी बेटावर मारलं. त्यानंतर शॅननवर त्याचं आरमार फिरू लागलं आणि नदीच्या वाटेने तो मीथ आणि कॉनॉट या राज्यांच्या पोटात शिरू लागला. तुमच्या यादीत 1014 इतकाच जोर 977 वर द्या.