एस२०००: चारही चाकं सारखी, की मागची रुंदच बरी?

सॅनहोजेकर: माझी २००४ची होंडा एस२००० आहे, इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांवर; एपी२, म्हणजे सुधारलेलं नंतरचं मॉडेल. कंपनीने पुढे ७ इंची रिमवर २१५/४५ आर १७ टायर दिलाय (रुंदी २१५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ४५ टक्के, रिमचा व्यास १७ इंच), मागे साडेआठ इंचीवर २४५/४० आर १७. मी चारही बाजूंना ९ इंची रिम आणि २५५/४० बसवणार आहे. ट्रॅकवर जाणाऱ्या प्रत्येकाने हेच करावं असं माझं ठाम मत आहे. गाडीचं वजन पुढे-मागे जवळपास निम्मं-निम्मं, मग पुढच्याच टायरने अंग चोरून का राहायचं? कॅलिफोर्नियातल्या लगुना सेका रेस ट्रॅकच्या दुसऱ्या वळणात मी स्टीअरिंग वळवून वाट बघतो, नाक आत येत नाही. पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडा तेवढ्या झिजतात. चारही सारखे असले की ते पुढचे मागे फिरवता तरी येतील.

घाटवळण: अजिबात पटलं नाही. आधीच्या एपी१ला १६ इंची चाकं होती, पुढे २०५, मागे २२५. वळणात दचकून अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की ती मागून सुटायची. सस्पेन्शनवर मागचं चाक दबलं की त्याचा टो, म्हणजे चाकाचं तोंड आत-बाहेर वळण्याचा कोन, फार बदलायचा. होंडाने २००४ला सस्पेन्शनची ती भूमिती सुधारली, आणि त्याच वेळी पुढच्या टायरला १० मिमी वाढवले, मागच्याला २०. हा हिशोब विचार करून केलेला आहे. मागच्या टायरला गाडी ढकलायचीही असते आणि वळणात धरायचीही. शिवाय स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे घसरणारी गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा, अमेरिकेत २००६पासून आलं, तुमच्या गाडीत ते नाही.

सॅनहोजेकर: पण मी मागचा टायर कमी करत नाहीये, २४५चा २५५च होतोय! टोयोटा जीआर८६ बघा. आपल्यासारखंच इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांवर, आणि १८ इंचीत चारही टायर २१५/४०. पोर्श ९११ कॅरेरा एसला पुढे २४५ आणि मागे ३०५ लागतात, कारण तिचं इंजिनच मागच्या आसामागे आहे. आपल्या गाडीचं तसं नाही.

घाटवळण: मागची पकड किती, एवढाच प्रश्न नाही. आधी कोण सोडतं, हा आहे. आज पुढचं आधी सोडतं, तुम्हाला कळतं, तुम्ही सावरता. उद्या मागचं सोडेल, तेही आणखी जास्त वेगात. माझी गाडी चारही सारख्या टायरवर असताना हायवेच्या ओल्या रॅम्पवर पूर्ण फिरली होती. शेजारी बायको बसली होती. त्या आठवड्यात जुना सेट परत चढवला.

पाना१९: दोघेही टायरवरच अडलात. टायरवरचं वजन दुप्पट झालं म्हणून पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. पुढचा अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून वळणात गाडीचं कलणं रोखणारी दांडी) कडक केला की वळणात बाहेरच्या पुढच्या टायरवर जास्त भार जातो, पुढची एकूण पकड जरा घटते आणि मागचं टोक शांत राहतं. रुंद टायरमुळे बिघडलेला तोल असा परत आणता येतो. माझ्या मते बार न बदलता चारही चाकं सारखी करणं म्हणजे अर्धवट काम.

आणि पुढचं माप नीट बघा. २१५/४५ची चाकासकट उंची ६२५ मिमी, २५५/४०ची ६३६. उंची ११ने वाढली आणि रुंदी ४०ने. फेंडरची, म्हणजे चाकावरच्या पत्र्याची, आतली कड वळवावी लागेल, निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकवणं) वाढवावा लागेल, नाहीतर सस्पेन्शन दबल्यावर टायर घासेल. २५५ला ९ इंची रिम मात्र योग्य. साडेआठवरही चढतो, पण कडा आत ओढल्या जातात आणि वळताना टायर लोळतो.

सॅनहोजेकर: बारचं पटलं. आधी बार, मग रिम. आणि डिसेंबर ते मार्च, पावसाचे महिने, कंपनीचाच सेट.

घाटवळण: पावसात जुना सेट असेल तर माझा अर्धा विरोध मागे घेतो. उरलेला अर्धा कायम आहे. बार बसवल्यावर आधी मोकळ्या मैदानात गोल फिरवून बघा, मुद्दाम पाय उचला, मागचं टोक कधी निघतं ते ओळखा. लगुना सेका त्यानंतर.