नवा सेन्सर, तरी पिकअप गायब

नवा ऑक्सिजन सेन्सर (एक्झॉस्टच्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा) टाकल्यापासून गाडी चढावर ओढत नाही म्हणताय, तर आधी जुना सेन्सर कसा दिसत होता ते आठवा. काजळीने काळाकुट्ट असेल तर हवा-पेट्रोलच्या मिश्रणात पेट्रोल आधीपासूनच जास्त जात होतं. मग नवा सेन्सर काय करणार बिचारा! स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) सेन्सरचा लाइव्ह डेटा बघा. साधा झिर्कोनिया सेन्सर गरम इंजिनवर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत वरखाली नाचायला हवा (वाइडबँड, म्हणजे मिश्रणाचं नेमकं प्रमाण मोजणारा सेन्सर असेल तर हे आकडे विसरा). ०.४५ला चिकटून बसला तर वायरिंग तपासा. माझ्या गाडीत वायर एक्झॉस्टला टेकून वितळली होती. आकडा नीट नाचतोय, आयडलिंगही ठीक, पण जास्त आरपीएमला गाडी गुदमरते? मग संशय कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर (एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा डबा). त्याच्या आधी बसवलेला ऑक्सिजन सेन्सर काढून त्याच भोकात बॅकप्रेशर गेज (एक्झॉस्टमध्ये अडलेल्या धुराचा दाब मोजणारा) लावा. २५०० आरपीएमला काटा ३ पीएसआयच्या वर गेला तर कन्व्हर्टर चोक झालाय, म्हणजे आतून तुंबलाय, असं धरूनच चाला.